गुणाजीला काहीच ऐकू आलं नाही

एका मोठ्या तळ्याच्या अलीकडच्या काठावर गवेराजाचं राज्य होतं. राजा निवडून आलेला होता, त्यामुळे त्याला कुणी काही विचारायची सोय नव्हती. पलीकडच्या काठावर दुसरं राज्य. दोन्हींकडे मगरी होत्या, आणि मगरी पोसायच्या तर शत्रू हवाच, म्हणून दोन्ही राज्यांचं एकमेकांशी चांगलं जुळलेलं वैर होतं.

गुणाजी पाणमांजराला सरकारी नोकरी होती. रोज सकाळी पाण्यात कान बुडवायचा, पलीकडच्या मगरी ऐकायच्या आणि राजाला सांगायचं. काम सोपं. पलीकडची मगर पोहायला लागली की भंगाराची हातगाडी खडीवरून ओढल्यासारखा खडखडाट व्हायचा. अलीकडची पोरंसोरंसुद्धा हसायची.

पण पलीकडच्या मेल्या आवाज न करता पोहायला शिकत होत्या हो! सभा नाही, भाषण नाही, नुसत्या शिकत होत्या. गुणाजीला आधी बारा ऐकू यायच्या, मग पाच, मग एक. आणि एका सकाळी काहीच नाही. त्याच सकाळी त्याच्या पोटाखालून काहीतरी लांबलचक सरकत गेलं. पाणी हललेलं मिशांना कळलं, कानांना नाही.

गुणाजी तसाच ओलाचिंब दरबारात धावला. "महाराज, आज काहीच ऐकू आलं नाही!"

"शाब्बास! म्हणजे शत्रू संपला!" राजा म्हणाला.

"संपतोय कसला? पार घाटाशी आलाय! हात जोडतो महाराज, चार दिवस घाट बंद ठेवा. माझ्या लेकीची तीन पिल्लं तिथंच पोहायला शिकतायत."

सेनापती मगरराव खो खो हसले. "आपली मगर पाण्यात उतरली की दोन कोसांवर कळतं. त्यांची कळतसुद्धा नाही. बलवान कोण, हे काय सांगायला हवं?"

झालं! न ऐकू येणाऱ्या गोष्टी ऐकणं हा त्या दिवसापासून गुन्हा ठरला. गुणाजीला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. तरी सरकारनं दखल घेतली नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून आपल्या मगरींसाठी मूक पोहण्याची मोहीम निघाली. उद्घाटन ढोल-ताशांच्या गजरात झालं. "आम्ही शांत पोहणार!" असं मगरराव तीनदा ओरडले. मग घाटावर सर्वांसाठी विजयस्नान ठेवलं.

गुणाजीची लेक सोनकी पिल्लं घेऊन निघाली. "बाबा, अख्खा काठ उतरतोय पाण्यात. तुम्ही एकटेच तेवढे शहाणे?"

"शहाणा नाही गं, घाबरलोय मी," गुणाजी म्हणाला, आणि त्यानं एकेक पिल्लू मानेला धरून उंच खडकावर नेऊन ठेवलं. सोनकी तणतणत मागून चढली.

खाली मगरराव गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून गरजले, "आवाज कुणाचा?"

"आपल्या मगरींचा!" शंभर जण ओरडले.

"आवाज कुणाचा?"

या वेळी साठेक ओरडले असतील. तिसऱ्यांदा मगररावांनी विचारलं, तेव्हा कुणीच उत्तर दिलं नाही. चौथ्यांदा कुणी विचारलं नाही. पाण्यावर साधा बुडबुडासुद्धा नव्हता. सोनकीनं पिल्लं पोटाशी घट्ट धरली.

राजा कोरड्या पायरीवर होता, त्यामुळे राज्य वाचलं. गुणाजी रडत त्याच्यापुढे गेला. "महाराज, निम्मा काठ गेला हो!"

"तुमच्या घरचं कुणी गेलं?"

"नाही."

"मग तुमची तक्रार कसली?" राजानं विचारलं, आणि दवंडी पिटवली, की विजयस्नानात जे कुणी गिळले गेले असतील, त्यांनी आठ दिवसांच्या आत स्वतः हजर राहून तक्रार मांडावी.

आठ दिवस दरबार उघडा होता. कुणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी सरकारनं जाहीर केलं, की राज्यात सर्वत्र समाधान आहे.