उष्टा कलश

हिंगणटेकाच्या विद्यापीठात कधी आलात तर मुख्य मंच बघा. दगडी, रुंद, आणि डोक्यावर काही नाही. चारी कोपऱ्यांना लोखंडी खांब आहेत, खांबांना कड्या आहेत, पण त्या कड्यांना कधी कापड लागत नाही. या महिन्यात एकाच दिवशी पदवीदान आहे, मागोमाग सत्यनारायण, मग स्नेहसंमेलन. फलकावर रंगीत खडूनं सगळं लिहून झालंय. तिन्ही उघड्यावरच होणार, भर चैत्रात.

अतिथिगृहाचे म्हातारे व्यवस्थापक पाहुण्यांना याचं कारण सांगतात. पहिल्या कुलगुरूंना म्हणे दृष्टांत झाला की ज्ञान सूर्याच्या साक्षीनं द्यावं. पाहुणे माना डोलावतात, फोटो काढतात. दृष्टांत वगैरे काही नाही. खरी गोष्ट मुलींच्या वसतिगृहात सांगतात, ती अशी.

पदवीदानाचं ते पहिलंच वर्ष. प्रमुख पाहुण्यांना एकच दिवस मोकळा होता, म्हणून थोरामोठ्यांनी तिन्ही कार्यक्रम त्या एका दिवसात कोंबले. सकाळी पदव्या, दुपारी पूजा, संध्याकाळी गाणीबजावणी. आणि शहाणपणा असा की स्वागताला जे कलश, तेच पूजेला. म्हणजे ते पाणी सोवळ्यातलं झालं. कलश धरणाऱ्या मुलींनी कडक उपास करायचा, आणि पाहुणे येईपर्यंत फाटकापासून मंचापर्यंत रांगेत उभं राहायचं.

त्या रांगेत हौसा आणि प्रयाग शेजारीशेजारी होत्या. दोघी एकाच खोलीतल्या. हौसाला त्याच दिवशी पदवी मिळायची होती. तिच्या घराण्यातल्या बाईनं कागदावर स्वतःचं नाव लिहिलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. प्रयाग तिच्या एक वर्ष मागे, अंगानं काडी, हसण्यात सगळ्यांच्या पुढं.

"हौसे, हा पाहुणा तुला पदवी द्यायला येतोय का माझ्या तेराव्याला?" ती म्हणाली, तेव्हा सगळी रांग हसली.

ऊन चढलं. पाहुणे वेशीपर्यंत आले, असा निरोप येई आणि पुढं काहीच होत नसे. कलशाचं पितळ हाताला चटके देऊ लागलं. मंचावर पांढऱ्याशुभ्र कापडाखाली कुलगुरू, पुरोहित आणि प्राध्यापक सरबत पीत बसले होते. प्रयागचं हसणं थांबलं. मग बोलणं थांबलं. तिच्या कपाळावरचा घामही आटला, तेव्हा हौसा तिच्याकडं सरकली.

"त्यातलंच पी," ती कुजबुजली. "एक घोट. कोण बघतंय?"

प्रयागनं कलशात पाहिलं. पाणी काठोकाठ होतं, त्यात तिचाच चेहरा हलत होता.

"उष्टं केलंस तर पूजा बाटेल हं," वसतिगृहाच्या बाई मागून म्हणाल्या. "घरी हेच शिकवलं का?"

प्रयागनं मान वर केली. ती गुणी मुलगी होती. गुणी मुलींचं असंच होतं.

हौसा कलश घेऊनच रांगेतून निघाली आणि मंचापुढं उभी राहिली. "आप्पासाहेब, प्रयाग पडेल आता. पोरींना घटकाभर सावलीत घ्या."

कुलगुरू आप्पासाहेब वाईट नव्हते, असं सगळेच सांगतात. असले लोक कधीच वाईट नसतात. ते मायेनं म्हणाले, "बाळ, रांग मोडू नये. पाहुणे आलेच बघ."

तिच्या पाठीमागं पितळ खणखणलं. प्रयाग पडली होती. मंचावरून माणसं धावली, आणि पहिला हात गेला तो कलशाला. "सरळ करा, सरळ करा, थोडं उरलंय!" पुरोहित ओरडले. हौसानं ते पाहिलं. धावत जाऊन तिनं आपला कलश प्रयागच्या तोंडावर रिता केला. पाणी ओठांवरून धुळीत गेलं. आत काही गेलं नाही. प्रयाग संपली होती.

हौसा तिथंच उभी राहून बोलली, असं सांगतात. मोठ्यानंही नाही. "ज्या सावलीत बसून तुम्ही हे पाहिलंत, ती सावली या मंचावर टिकायची नाही."

वारा नव्हता, पान हलत नव्हतं. तरी म्हणे कापड सुटलं आणि सगळ्यांच्या डोक्यांवर येऊन पडलं. वर चढून पाहिलं, तर गाठी जशाच्या तशा.

कार्यक्रम झाला. होय, झाला. प्रयागला मागच्या फाटकानं बैलगाडीतून नेलं आणि पुढच्या फाटकानं पाहुणे आले. पदव्या वाटल्या, पूजा झाली, संध्याकाळी पेटीही वाजली. हौसाचं नाव पुकारलं तेव्हा ती गाडीमागं चालत होती. पदवी घ्यायला ती कधीच परत आली नाही.

पुढं दर वर्षी कापड बांधलं, दर वर्षी पडलं. शांती केली, होम केला, पत्रे ठोकले. पत्रेही म्हणे सकाळी जमिनीवर, आणि खिळे जागच्या जागी. शेवटी हेच शहाणे हारतुरे घेऊन हौसाच्या गावी गेले. हारांचं तबक धरायला सोबत एक विद्यार्थिनी, अर्थातच.

हौसा अंगणात शेंगा फोडत बसली होती. उठली नाही.

"शब्द मागं घ्या, बाई," आप्पासाहेब म्हणाले.

"रांग बंद करा. कापड आपसूक राहील."

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "परंपरा आहे हो ती."

"काल सुरू केली, आन् परंपरा?"

"विचार करू," ते म्हणाले. आणि खरंच केला. रांग ठेवायची, कापड सोडायचं, असं ठरवून ते मोकळे झाले.

पण त्या दिवशी निघताना हौसानं तबकवालीला मागं थांबवलं. तिच्या ओंजळीत शेंगा घातल्या. "रांगेत तू पण असतेस ना गं? हे काही सुधरायचे नाहीत. कलश भरशील तेव्हा आधी तू पी. पोटभर पी. मग धर."

आजही मंचावर छत नाही. नाव पुकारेपर्यंत पाहुणे गार गाडीत काचा वर करून बसतात, आणि मुली फाटकापासून मंचापर्यंत उन्हात उभ्या असतात. आजवर त्यातल्या किती कोसळल्या, ते फलकावर कुणी लिहीत नाही. पण कार्यक्रमाच्या सकाळी वसतिगृहामागच्या नळावर जाऊन बघा. एकेक मुलगी कलश भरते, प्रयागचं नाव घेते, कलश तोंडाला लावून घटाघटा पिते आणि उरलेल्यात पाणी घालून तो पुन्हा काठोकाठ करते. त्याच पाण्यानं पाहुण्यांचं स्वागत होतं. तेच पूजेला जातं. आणि तेच तीर्थ कुलगुरू डोळे मिटून पितात, मग ओला तळहात भक्तिभावानं डोक्यावरून फिरवतात.