शंभर पारायणं आणि चरवीभर दूध

तांबेवाडीच्या देवळात समुद्रमंथनाची कथा अगदी रंगात आली होती. तेवढ्यात म्हाळसा गवळण म्हणाली, "शास्त्रीबुवा, तो समुद्र म्हणजे आपलं मनच की! देव अन् दैत्य दोघंही आतलेच."

घैसासशास्त्री खवळले. "शंभर पारायणं केलीत मी या पोथीची! तू मला शिकवतेस? उद्यापासून कथेला यायचं नाही!"

म्हाळसाच्या जिवाला लागलं, पण ती हसून म्हणाली, "नाही येत. फक्त एवढ्यातलं लोणी काढून द्या." तिने जवळची चरवी पुढे सरकवली आणि घरून रवी मागवली.

रागाच्या भरात शास्त्रीबुवांनी आत डोकावलंही नाही. घुसळता घुसळता खांदे भरून आले, मिशीला फेस लागला, पण लोण्याचा पत्ता नाही. शेवटी वाकून पाहतात तो काय!

"अगं, हे तर नुसतं दूध! विरजण लावून स्वस्थ ठेवल्याशिवाय शंभरदा रवी फिरवली तरी लोणी येईल का?"

"तेच म्हणते मी, बुवा. पोथीची रवी शंभरदा फिरवलीत, पण मनाला विरजण कधी लावलंत?"

देवळात हशा पिकला. शास्त्रीबुवांनी मिशी पुसली आणि तेही हसले.

"उद्या ये कथेला. आणि येताना विरजण आण, आधी मलाच लागेल."