मोकळा कोपरा

शाळेच्या बाईंनी तीनदा निरोप धाडला, पोरांसाठी एक बोधाची गोष्ट लिहून द्या म्हणून. माझी शाळा चौथीत सुटली. बोध करणारी शिकलेली माणसं गावात पैशाला पासरी मिळतात, त्यांना सोडून माझ्याच मागं का लागायचं? पण परवा डेअरीवर, दुधाच्या रांगेत, हिंदुराव मगदूम चारचौघांत म्हणाला की म्हातारा सांगतो ती घोंगड्याची गोष्ट शुद्ध थाप आहे, कागदावर घेतल्याशिवाय या जगात कोणी कोणाचा पैसा देत नाही. म्हणून लिहितो. एकदाच लिहीन. नीट वाचा, पुन्हा विचारायला येऊ नका.

एका गावात एक सणगर राहत होता. सणगर म्हणजे घोंगडी विणणारा. नाव मायाप्पा. घरात जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर माग होता. त्याच मागावर आजा बसला, बाप बसला, आणि मायाप्पाचेही केस तिथंच पांढरे झाले. त्याच्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ अशी बसायची की आषाढात दिवसभर म्हशींमागं फिरलं तरी आतला सदरा कोरडा. लोक विचारायचे, किती वर्षं टिकेल? मायाप्पा म्हणायचा, तू किती वर्षं टिकणार ते आधी सांग.

त्याचं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. खालचं बाजारातलं, ते पैसे टाकी आणि माल नेई. दुसरं वरचं. गावामागच्या डोंगरावर सात धनगरवाडे होते, सगळी मिळून चाळीस घरं. वर जायला सडक नाही, पायवाट. फोनला रेंज नाही. म्हशी राखायच्या, तूप विकायचं, हिरडा गोळा करायचा, असा त्यांचा संसार. हातात पैसा येई तो दसऱ्यानंतर, आणि घोंगडं तर लागे पावसाळ्याच्या आधी. मग मायाप्पा वैशाखात माल पोचवी आणि दिवाळीच्या सुमारास पैसे आणायला वर जाई.

वही नव्हती. आता कोणी विचारील, मग कुणाकडून किती यायचे ते कळायचं कसं? तेच सांगतो. घोंगडं मागावरून उतरलं की टोकाला सुटे धागे राहतात, त्यांना दशा म्हणतात. दशा वळून गाठी मारल्या की घोंगडं पुरं झालं. मायाप्पाच्या घराची रीत अशी होती, की उधारीच्या घोंगड्याचा एक कोपरा बांधायचा नाही. तिथल्या दशा मोकळ्या सोडायच्या. पैसे हातात पडले की तिथंच उंबऱ्याशी बसून तो कोपरा वळायचा आणि गाठ मारून द्यायची. मोकळा कोपरा म्हणजे शब्द दिलेला. बांधलेला कोपरा म्हणजे शब्द फिटलेला. मोकळ्या कोपऱ्याची डोंगरावर कोणाला लाज नव्हती. जो देणार आहे त्याचाच कोपरा मोकळा असतो.

पैसे न घेता चारी कोपरे बांधलेलं घोंगडं एकाच घरी जाई, ज्याचं घर जळालं त्याच्या. ते दान. त्याचे पैसे कोणी मागत नसे आणि कोणी देत नसे.

तीन पिढ्यांत एक घोंगडं बुडालं नाही. एका साली म्हशींना रोग आला तेव्हा दोन घरांचे पैसे होळीपर्यंत लांबले. पण आले.

त्याच्या पुढच्याच वर्षी मायाप्पाचा गुडघा धरला. चाळीस घोंगडी विणून घरात रचलेली, वैशाख अर्धा सरलेला, आणि चढण चढायची म्हणजे डोळ्यांतून पाणी. तेव्हा भाचा पुढं झाला. सुहास त्याचं नाव. शहरात वाढला, शिकला, आणि बाजारपेठेत दुकान घालून बसला होता. फोनवर घोंगड्यांचे फोटो टाकून पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं धरायचा. पैसेही फोनवरच येत. गडी कामाचा होता, खोटं कशाला बोलू. म्हणाला, मामा, तुम्ही बसा, मी पोचवतो. मायाप्पानं माल दिला. कोपऱ्याचं सांगितलं नाही. हे कोणाला सांगावं लागतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. इथं चूक मामाचीही आहे, ती मी झाकणार नाही.

सुहासनं घोंगडी उलगडली तर प्रत्येकाचा एक कोपरा अर्धवट. त्याला वाटलं, मामाची नजर गेली. असला अपुरा माल गेला तर मामाची अब्रू जाईल. मग दोन दिवस नवरा-बायको बसली आणि त्यांनी चाळीसही कोपरे घट्ट बांधून टाकले. मामाला वाईट वाटेल म्हणून त्याला कळू दिलं नाही.

आणखी एक केलं. प्रत्येक घोंगड्यावर एक कार्ड टाचलं. त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. चौकोनावर फोन धरला की पैसे जातात, असं त्यानं वर जाऊन सगळ्यांना समजावलं. ज्यांच्याकडे फोन होता त्यांचा फोन बटणांचा, तोही डोंगराच्या कड्यावर उभं राहिलं तरच लागणारा. एका म्हातारीनं चौकोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली की मुंग्या चांगल्या काढल्यास बाबा.

पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. सुहासच्या फोनवर चाळीस घरांतून एक रुपया आला नाही.

त्याहून वाईट गोष्ट मायाप्पानं पाहिली. दर साल दसऱ्याला डोंगरातलं कोणी ना कोणी त्याच्या दारात तुपाचं गाडगं ठेवून जाई. या साली आठवड्याच्या बाजाराला उतरलेली माणसं त्याच्या दारावरून मान वळवून गेली. मायाप्पा ओट्यावर बसून बघत राहिला. पैशाचं त्याला लागलं नाही, ती वळलेली मान लागली.

सुहास भर बाजारात म्हणाला की धनगरांनी मामाला बुडवला. नोटीस काढू म्हणाला. मायाप्पा म्हणाला, माझी माणसं बुडवत नाहीत. दोघांची जुंपली. लोक गोळा झाले, कारण फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? शेवटी भाच्यानं मामाला शब्दात धरलं. कार्तिकी पुनवेपर्यंत पैसे आले नाहीत, तर पुढच्या सालापासून फोनवर पैसे देईल त्यालाच घोंगडं. डोंगर बंद. मायाप्पा रागाच्या भरात हो म्हणून बसला. चारचौघांत दिलेला शब्द, आता मागं घेता येईना. आणि डोंगर बंद म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. तीन पिढ्यांची वाट त्याच्या पायानं मोडायची होती.

पुनवेला दोन दिवस राहिले तेव्हा तो काठी घेऊन निघाला. सुहासही मागं आला. मामाची फजिती बघायला आला की मामा पडला तर उचलायला आला, ते त्यालाच ठाऊक. सकाळी निघालेली माणसं दुपारी पहिल्या वाड्यावर पोचली. एका तासाची वाट, पण गुडघा.

त्या वाड्याची थोरली बाई झिमाबाई येडगे. सत्तरीची, ताठ, सातही वाड्यांत तिचा शब्द चालायचा. एरवी मायाप्पा दिसला की आधी ताकाचा तांब्या पुढं यायचा. या वेळी नाही आला. बस सुद्धा म्हणाली नाही. तिनं आत हाक दिली, आणि दोन गड्यांनी घोंगडी आणून अंगणात रचली. चाळीसच्या चाळीस. घडी मोडलेली नाही. सातही वाड्यांची गोळा करून ठेवलेली. सारा पावसाळा त्या माणसांनी जुन्या फाटक्या घोंगड्यांत आणि पानांच्या इरल्यांखाली काढला होता, पण नवं अंगाला लावलं नव्हतं.

झिमाबाई म्हणाली, "मोजून घे. आमची घरं जळाली न्हाईत, मायाप्पा."

मायाप्पाला काही कळेना. मग त्यानं वरचं घोंगडं उचललं आणि कोपरा पाहिला. दुसऱ्याचा पाहिला. तिसऱ्याचा पाहिला. गाठी त्याच्या हातच्या नव्हत्या. 

झिमाबाई बोलत होती ते त्याला आता ऐकू आलं. गेल्या साली दोन घरांचे पैसे लांबले, म्हणून सणगरानं आम्हाला भिकारी धरलं का, असं ती विचारत होती. देणार नाहीत असं वाटलं तर तोंडावर सांगायचं, माल द्यायचा नाही, पण दान करायचं? भाच्यानं फोनाचं काय सांगितलं ते वर कोणाला उमगलं नव्हतं, बांधलेला कोपरा मात्र सगळ्यांना कळला होता. तिच्या सासऱ्यानं मायाप्पाच्या आज्याकडून घोंगडं घेतलं होतं, आणि तेही मोकळ्या कोपऱ्याचं.

मायाप्पानं भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "मामा, मी तर माल पुरा करून दिला."

"पुरा केलास," मायाप्पा म्हणाला. "त्यांना द्यायला काही ठेवलंच न्हाईस."

त्यानं पहिलं घोंगडं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडवायला बसला. सुहासनं गाठी मारल्या होत्या जीव लावून. वर खळ चढून त्या दगड झालेल्या. नखानं सुटेनात, तेव्हा मायाप्पानं दात लावले.

झिमाबाई उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "दात किती उरल्यात?"

"पाच."

"आणि कोपरं चाळीस. पुरतील व्हय?"

"न पुरून जातात कुठं, आक्का? आजवर कुणाचं काय पुरलं न्हाई माझ्याकडून?"

झिमाबाईच्या तोंडावर हसू आलं नाही, पण तिनं पदर तोंडाशी नेला. सुहास इतका वेळ उभा होता. आता त्यानं चपला काढल्या, मामाच्या शेजारी बसला आणि दुसरं घोंगडं ओढून घेतलं. दहाव्या कोपऱ्याला त्याच्या नखाखालून रक्त आलं. तो थांबला नाही. त्याच्या गाठी होत्या, त्यानंच सोडवायला हव्या होत्या.

उन्हं कलली तेव्हा चाळीसही कोपरे मोकळे झाले. झिमाबाई आत गेली आणि ताकाचा तांब्या घेऊन आली. आधी मायाप्पाला दिला, मग भाच्याला. म्हणाली की आता कसं, आता घोंगडी आमच्या शब्दावर आली.

मग तिनं वाड्यावाड्याला सांगावा धाडला. माणसं येत गेली. प्रत्येकाच्या हातात चिंधीची पुरचुंडी. पैसे दसऱ्यापासून तयार होते, घराघरात वेगळे काढून ठेवलेले. दानाचे पैसे देता येत नाहीत म्हणून पडून होते. एकेकजण पुरचुंडी मायाप्पापुढं ठेवी, तो कोपरा वळे, गाठ मारी, आणि माणूस तिथंच घडी मोडून घोंगडं खांद्यावर टाकी. कोणी पावती मागितली नाही. कोणी घासाघीस केली नाही. सुहास तेवढा तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होता. एकोणचाळीसपर्यंत मोजले आणि थांबला.

चाळिसावं घोंगडं झिमाबाईचं होतं.

ती सगळ्यांपुढं उभी राहिली. तिची दुभती म्हैस श्रावणात कड्यावरून पडली होती. तिनं ते सांगितलं, रडून नव्हे, हवापाण्याचं सांगावं तसं. म्हणाली, "माझा कोपरा मोकळा ठेव. शिमग्याला देते." आणि मोकळ्या दशा पुढं लोंबतील असं घोंगडं खांद्यावर टाकून ताठ उभी राहिली.

सुहासचं मन भरून आलं. तो मामाच्या कानाशी लागला आणि म्हणाला की एवढं एक आपण तसंच बांधून देऊ, एकोणचाळीस तर आले.

मायाप्पानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. "तिचं घर जळालंय का?" मायाप्पानं विचारलं. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उतरताना मायाप्पाचा गुडघा दुखला नाही असं मी म्हणणार नाही. दुखलाच. पण तो गावात शिरला तो बाजाराच्या रस्त्यानं, मधोमध, काठी बगलेत धरून. मागं सुहास, त्याच्या डोक्यावर एकोणचाळीस पुरचुंड्यांचं गाठोडं आणि हातात तुपाचं गाडगं. ज्यांनी तमाशा पाहिला होता त्यांनी आता हेही पाहिलं.

शिमग्याला झिमाबाई स्वतः उतरली. मायाप्पाकडे गेली नाही, बाजारपेठेत सुहासच्या दुकानात गेली. पैसे मोजून ठेवले आणि कोपरा त्याच्यापुढं धरला. म्हणाली की सोडवलास तू, आता बांध तू. त्यानं बांधला. त्या दिवसापासून सुहासची रीत ठरली: शहरच्या गिऱ्हाइकाला फोन, डोंगरच्या गिऱ्हाइकाला पाय. फोन काही वाईट नाही. पण तो जिथं पोचत नाही तिथं माणसं राहतच नाहीत असं समजणारा वाईट.

ते घोंगडं अजून आहे. झिमाबाईची सून पांघरते. तीन कोपऱ्यांच्या गाठी सरळ आहेत आणि चौथी वाकडी, शिकाऊ हाताची. ज्याला ही गोष्ट थाप वाटते त्यानं एक तासाची चढण चढावी आणि कोपरा बघून यावा. गुडघे त्याचे चांगले आहेत.

तात्पर्य: देणेकऱ्याकडे पैसे मागायला जावं ते त्याच्या वाटेनं आणि त्याच्या रीतीनं, आणि जो देणार आहे त्याच्यावर दया करू नये, त्याचा शब्द घ्यावा, कारण गरिबाचा शब्द घेणं हाच त्याचा मान. हे भाच्याला कळलं, त्यानं मामाचे पाय धरले आणि झिमाबाईचेही. ज्याला अजून कळलेलं नाही, आणि मला चारचौघांत खोटारडा म्हणून ज्याची माफी अजून माझ्या दारात आलेली नाही, तो एकच उरला आहे, हिंदुराव मगदूम.