‘हो’ नसलेली भाषा

“आबांनी हो म्हटलंय, सर. आता आणखी कुणाला विचारायचं?”

संग्राम डुबल जरा चढ्या आवाजातच बोलला. बाकावर बसलेल्या तस्लीम मुजावरने वहीतून मान वर केली. नाडगौडा सर फळा पुसत होते. ते पुसतच राहिले.

“तो शब्द या वर्गात चालत नाही, डुबल,” ते म्हणाले.

नियम जुना होता. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात आयरिश साहित्याचा ऐच्छिक पेपर नाडगौडा सर शिकवत. निवृत्त झाल्यावरही तेच शिकवत, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिल्याच तासाला ते सांगत, की या लोकांच्या मूळ भाषेत नुसत्या ‘हो’ला शब्द नाही आणि नुसत्या ‘नाही’लाही नाही. आलास का, असं कुणी विचारलं तर ‘आलो’ म्हणायचं, किंवा ‘आलो नाही’. क्रियापद उच्चारल्याशिवाय सुटका नाही. माझ्या तासालाही तसंच बोलायचं.

मुलांना सुरुवातीला मजा वाटे. कँटीनमध्ये टिंगल चाले.

“चहा पिणार?”

“पिणार.”

“पाजणार?”

“पाजणार नाही.”

पुढे हसणं कमी होई. पुस्तक वाचलंस का, या प्रश्नाला ‘हो सर’ म्हणून खाली बसणं सोपं असतं. न वाचता ‘वाचलं’ म्हणताना जीभ अडते. का अडावी, ते सांगता येत नाही, पण अडते. काही जण तेवढ्यावरून पेपर बदलून गेले. काही जण हवामानाला कंटाळले. त्या पुस्तकांत सारखा पाऊस, सारखी दफनं आणि बटाट्यांचा दुष्काळ. यंदा शेवटी दोघंच उरले होते.

तस्लीम म्हणे, या पेपरने तिचं लग्न मोडलं. “अम्मीनं विचारलं, मुलगा पसंत आहे का. सवयीनं हो म्हणूनच टाकत होते. मग म्हटलं, पूर्ण बोलून बघू. ‘पसंत आहे’ एवढे दोन शब्द काही तोंडातून बाहेर येईनात.”

संग्रामला हे सगळं पोरखेळ वाटे. त्याला उत्तरं येत, आणि येतात हे तो लपवत नसे. त्याने निबंध लिहिला तो आयरिश लोकांच्या एका जुन्या रिवाजावर. घरातला मुलगा परदेशी निघाला, की आदल्या दिवशी शेजारपाजार जमे. मुलाला मधोमध बसवत, आणि मयताच्या घरी रडावं तशा बायका त्याच्यासमोर गळा काढत. जहाजावर चढलेला सहसा परत येत नसे. मग रडणं आत्ताच उरकून घ्यायचं.

त्या निबंधावर त्याला तिकडच्या एका विद्यापीठाने पुढे शिकायला बोलावलं होतं. सरांनी मात्र निबंध परत देताना एवढंच म्हटलं होतं, “इंग्रजी चांगलं आहे.” ते संग्रामच्या मनात अजून खुपत होतं.

वडिलांचा, आबांचा, होकार घेऊन आज तो आशीर्वाद मागायला आला होता. निदान तसं म्हणत तरी होता.

“बरं, क्रियापदासकट सांगतो,” संग्राम म्हणाला. “जाऊ का, असं मी आबांना विचारलं. जा म्हणाले. झालं?”

“जा म्हणाले?”

संग्रामने नजर फळ्याकडे वळवली.

“डुबल?”

“म्हणाले नाहीत.” संग्राम बाकाच्या कडेवर टेकला. “हो म्हणाले. त्यांना तेवढंच म्हणता येतं.”

तस्लीमने वही मिटली. “म्हणजे?”

“दिवाळीत झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक शब्द तेवढा राहिला. डॉक्टर विचारतात, दुखतंय का? हो. बरं वाटतंय का? हो. आई विचारते, भात कालवू का? हो. पोट भरलं का? हो.”

“तू बोलला नाहीस कधी.”

“तू विचारलं नाहीस.”

“तुला विचारायची सोय असते का रे? काही विचारलं की तू संदर्भग्रंथ सांगतोस.”

संग्राम हसला. ते हसणं फार टिकलं नाही.

“बैलबाजारात सौदे करायचे, सर, आबा,” तो म्हणाला. “नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. समोरचा रडकुंडीला यायचा. आम्हालाही तसंच. सायकल? नाही. सहल? नाही. इंग्रजी घेऊन एम. ए. करू? नाही. भांडून आलो मी इथं. आणि आता हे…”

सरांनी डस्टर टेबलावर ठेवलं.

“आई काय म्हणते?”

“आबांना विचार, म्हणते.”

सर खाली उतरले. संग्रामच्या शेजारच्या बाकावर, जिथे विद्यार्थी बसतात तिथे, अवघडत बसले. त्यांच्या बाहीला खडूची भुकटी लागली होती.

“जाऊ का, असं विचारलंस. ठीक. राहू का, असं विचारलंस का?”

बाहेर व्हरांड्यात पुढच्या तासाची मुलं गोळा होऊ लागली होती.

“सर, जाऊ द्या ना,” तस्लीम हळूच म्हणाली.

“विचारलं,” संग्राम म्हणाला.

“मग?”

“तेच म्हणाले.”

“कधी विचारलंस? आधी की नंतर?”

“…आधी.”

पुढचं विचारावं की नाही, हे सरांना ठरवता येत नसावं.

“उत्तर मिळालं होतं,” ते शेवटी म्हणाले. “मग पुन्हा कशाला विचारलंस?”

संग्राम एकदम उठला. बाक मागे सरकून भिंतीवर आपटला.

“कारण मला जायचंय, सर! मला त्या घरात थांबायचं नाही. ती खाट, तो वास, ती आबांची कूस बदलायला आईची हाक… मला नाही सोसत. आणि ते बघत राहतात माझ्याकडे. काय विचारतात तेही कळत नाही. मी गेलो, की ते जातील. मला माहितीय. आईलाही माहितीय. मी परत येईपर्यंत काही राहत नाहीत ते.”

दारातून एका मुलाने आत डोकावलं आणि लगेच मागे झाला.

संग्राम पुन्हा बसला. त्याचा आवाज खाली आला.

“तुम्हीच सांगा. जाऊ की राहू? तुम्ही म्हणाल तसं करतो. आबांच्या जागी तुम्ही.”

“मी नाही त्यांच्या जागी.”

“मग गुरू म्हणून सांगा.”

“गुरू कसला? मी तो देश पाहिलेला नाही, डुबल. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. त्या भाषेतले शब्द मी फळ्यावर लिहितो, त्यांचा उच्चार तसा आहे का, हेही मला ठाऊक नाही. पुस्तकात होतं ते सांगत आलो जन्मभर. कदाचित चुकीचंही सांगितलं असेल.”

“म्हणजे तुम्हीही काही बोलणार नाही.”

“जाण्या-राहण्याचं बोलणार नाही.”

“मग मी करू काय?”



“घरी जा. आबांना विचारू नकोस. सांग.”

“काय सांगू?”

“आत्ता आम्हाला सांगितलंस ते.”

“सगळं?”

“सगळं.”

संग्रामने तस्लीमकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. एरवी तिला काहीतरी सुचलं असतं.

“आणि ते रडायला लागले तर?” संग्राम म्हणाला. “तुम्ही ऐकलेलं नाही ते रडणं, सर. त्यात शब्द नसतात. गुरासारखा आवाज येतो. थांबवता येत नाही त्यांना. शेजारची माणसं दार लावून घेतात… मी काय करायचं तेव्हा?”

नाडगौडा सर उठले. बाहीवरची भुकटी त्यांनी झटकली. ती गेली नाही.

“ऐकून घे,” ते म्हणाले. “मग जा.”