पिंपळडोहाची कुरकुर

“पण अक्का, तेच तेच रोज मोठ्यानं वाचायचं कशासाठी?”

अक्का भिजवलेले वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी काहीतरी विचारतेय.”

“ऐकलं. वाच.”

नदीकाठच्या त्या आश्रमात देवघराशेजारच्या खोलीत एक सर्व्हर होता. वर धरण. धरणापासून खाली, नदीच्या पात्रात जागोजाग पाण्याची उंची मोजणारी यंत्रं बसवलेली. ती आपापलं म्हणणं सर्व्हरला कळवत. सगळ्यात वरचं यंत्र पिंपळडोहावर होतं. काठावरचा भोंगा त्या एकाच यंत्राला जोडलेला होता; त्यानं पाणी चढल्याचं कळवलं की तो वाजे आणि पात्रातली माणसं वर येत.

उन्हाळ्यात नदी कोरडी असे. वाळूत कलिंगडाच्या वाड्या लागत. धरणाचं पाणी सुटलं की ते निरभ्र आभाळाखालून, काही न सांगता येई. धरणावरचे लोक कधी कळवायचे, कधी विसरायचे.

म्हणून द्वारकाअक्कांनी हे सगळं उभं केलं होतं. आश्रमात येण्यापूर्वी त्या टेलिफोन खात्यात इंजिनिअर होत्या. आता सत्तरी उलटली होती.

शर्वाणी त्यांच्याकडे शिकायला पुण्याहून आली होती. कॉलेजात पहिली आलेली. बोलण्यातही कुणाला पुढे जाऊ न देणारी.

आश्रमात एक रीत होती. सकाळची प्रार्थना झाली की प्रवचन नसे. सर्व्हरनं रात्रभर लिहिलेला लॉग, म्हणजे यंत्रांच्या तक्रारींची नोंद, एकानं उभं राहून वाचायचा, परवचा म्हणावा तसा. बाकीच्यांनी भाजी चिरता चिरता, केर काढता काढता ऐकायचा.

“पिंपळडोह, एरर, वेळ चुकीची,” शर्वाणी वाचू लागली. “पिंपळडोह, एरर, वेळ चुकीची. पिंपळडोह, एरर...”

“मोठ्यानं.”

शर्वाणीनं लॅपटॉप खाली ठेवला.

“त्या यंत्राचं घड्याळ बिघडलंय. इतकी वर्षं तेच बोंबलतंय. घड्याळ बदलत का नाही तुम्ही?”

“पाणी बरोबर सांगतं ते.”

“सांगू दे! पण गेल्या महिन्यात काय झालं? पुलाजवळच्या यंत्राची बॅटरी उतरत आली होती. ती ओळ या कचऱ्यात होती. मी वाचली. मोठ्यानं वाचली. तुम्ही सगळ्यांनी ऐकली. कुणाच्या लक्षात आली?”

तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

“यंत्राचा दिवा विझलेला पुलावरून दिसला, तेव्हा कळलं. तुमच्यासमोर वाचूनसुद्धा!”

अक्कांचा हात थांबला.

“हे खरं,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“मग काय... वाच.”

शर्वाणीचं डोकं सणकलं. चूक कबूल करायची आणि तशीच चालू ठेवायची, हे वडीलधाऱ्यांनाच जमतं.

त्याच दिवशी ती सर्व्हरसमोर बसली. तिनं एक नियम लिहिला. जी ओळ पुन्हा पुन्हा तशीच येते, ती दाखवायची नाही. ठेवायचीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांपुढे उभी राहिली. स्क्रीन स्वच्छ होती.

“काही नाही,” ती म्हणाली.

“वा!” स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं. “आज चहा गरम मिळणार!”

सगळे हसत उठले. अक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत. कुणाचं तरी बोलणं अर्ध्यावर राहिलं असावं, तशा बसून राहिल्या.

पुढचे काही दिवस असेच गेले. “काही नाही.” चहा. अक्कांचं बसून राहणं.

मग एके दिवशी निरोप आला. या आठवड्यात धरणाचं पाणी सुटणार. कधी, ते नक्की नाही.

त्या सकाळी शर्वाणीनं “काही नाही” म्हटलं आणि अक्कांनी विचारलं,

“पिंपळडोह काय म्हणतोय?”

“काही नाही.”

“म्हणत नाही, की तू ऐकत नाहीस?”

“म्हणत असेल. मी गप्प केलंय त्याला.”

“काल म्हणाला होता?”

“असेलच की.”

“असेल... त्या ओळी कुठे ठेवल्यास?”

“कशाला ठेवायच्या? कचरा कुणी जपून ठेवतं का?”

“यंत्र चालू आहे?”

“आहेच. बंद पडलं असतं तर कळलं असतं.”

“कसं?”

शर्वाणीनं लॅपटॉप मिटला.

“कळलं असतं,” ती म्हणाली.

अक्का उठल्या. वालांची परात बाजूला सारली, पायात चपला घातल्या आणि नदीकडे निघाल्या. शर्वाणी मागोमाग.

पात्रात कमळामामीची वाडी होती. कलिंगडांची रास लागली होती. तीन बांबूंच्या खोपीला झोळी बांधलेली, झोळीत तिचं तान्हं नातवंड झोपलेलं. त्याची आई तालुक्याला दवाखान्यात गेली होती.

“कमळे, उठ. पोराला घे. वर चल.”

“का? भोंगा कुठे वाजला?”

“नाही वाजला.”

“मग?”

“म्हणूनच.”

कमळामामीनं विळा वाळूत खोचला आणि कमरेवर हात ठेवला.

“अक्का, ऊन लागलं काय तुम्हाला? माझा टेम्पो यायचाय. भोंगा वाजला की उठायचं, नाही वाजला की काम करायचं, हे शिकवलं कुणी? तुम्हीच ना?”

“चुकीचं शिकवलं.”

कमळामामी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं झोळीतून पोर उचललं. आसपासच्या वाड्यांतल्या माणसांना हाळी दिली.

“चला गं, चला रे! अक्कांच्या मनात आलंय! म्हातारपणी माणसाला काय सुचेल, नेम नाही!”

माणसं कुरकुरत वर गेली. पात्र रिकामं झालं.

शर्वाणीचे कान तापले होते.

“माझ्यावर विश्वास नाही, असं सरळ म्हणायचं होतं. एवढ्या लोकांसमोर तमाशा कशाला?”

“तुझी खात्री आहे?”

“आहे.”

“पाणी आलं तर भोंगा वाजेल?”

“वाजेल म्हणजे वाजेलच!”

“बरं.”

अक्का वळल्या. काठाकडे नाही, पात्राच्या मध्याकडे. तिथे एक सपाट काळा खडक होता. त्यावर त्या मांडी घालून बसल्या.

“हे काय?”

“तुझ्या खात्रीवर बसले.”

“अक्का, उठा.”

“का?”

“का म्हणजे? पाणी कधीही सुटेल! कदाचित सुटलंही असेल!”

“भोंगा वाजेल ना.”



शर्वाणीनं ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं. तिनं ते गिळलं आणि ती अक्कांच्या शेजारी जाऊन बसली.

काठावरून कमळामामीचा आवाज आला, “दोघींनाही लागलंय ऊन!”

खडक तापला होता. वाळूवरून गरम वारा येत होता. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. शर्वाणी त्यांच्याकडे चोरून बघत होती.

अचानक वळणापलीकडच्या टिटव्या ओरडत उठल्या.

अक्कांनी डोळे उघडले.

मग एक आवाज आला. वाळलेला पाचोळा कुणी फरफटत आणावा, तसा.

वळणावरून पाणी आलं. मातकट. उंच नव्हतं. पुढे फेसाची कड आणि कडेवर काटक्या, बाटल्या, एक चप्पल. जिभेसारखं ते वाळू चाटत पुढे सरकत होतं.

शर्वाणीनं ते पाहिलं.

पाहिलं, आणि मान वळवून ती भोंग्याकडे बघू लागली.

भोंगा खांबावर होता. तोंड उघडं. गप्प.

पाणी वरच्या वाडीत शिरलं. ती भोंग्याकडेच बघत होती.

“वाज...” ती पुटपुटली. “वाज ना!”

पाण्यानं कमळामामीची रास उचलली. कलिंगडं तरंगली. एकमेकांवर आपटत, फिरत निघाली. खोपीचा एक बांबू कलला. मग दुसरा. झोळी पाण्यावर पसरली, क्षणभर फुगली, आणि खाली गेली.

शर्वाणी किंचाळली.

काय किंचाळली ते तिला नंतर आठवलं नाही. अक्का अजून बसलेल्याच होत्या. तिनं त्यांना दंडाला धरून ओढलं. पाणी घोट्याला लागलं, पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांवर चढलं. पायाखालची वाळू निसटत होती. अक्का एकदा पडल्या. तिनं त्यांना कमरेत धरून उचललं. काठावरून कुणीतरी दोर टाकला. कमळामामी पोराला दुसऱ्या बाईकडे देऊन तो ओढत होती.

दोघी वर आल्या.

जिथे खडक होता, तिथे खडक नव्हता. पाणी होतं.

कमळामामीनं पोर परत घेतलं. छातीशी धरलं. जिथे झोळी होती तिथे ती बघत राहिली. 

शर्वाणीचे दात वाजत होते. भर उन्हात.

“तुम्हाला माहीत होतं!”

“नव्हतं.”

“यंत्र बंद पडलंय हे माहीत होतं तुम्हाला! माहीत असून बसलात!”

“नव्हतं गं माहीत.” अक्का पदर पिळत होत्या. “म्हणून तर हिला उठवलं.”

“मग स्वतः का बसलात? मेला असतात!”

“तुझी खात्री होती.”

“मी... मीही मेले असते!”

“हो.”

शर्वाणी उसळली. 

“आणि ते घड्याळ? ते तुम्ही वेळेवर बदललं असतं तर मला त्याला गप्प करायची गरजच पडली नसती! निम्मं तुमचं आहे हे, अक्का! निम्मं तुमचं!”

अक्कांनी पदर पिळणं थांबवलं.

“हेही खरं,” त्या म्हणाल्या.

या वेळी त्यापुढे ‘वाच’ आलं नाही.  

संध्याकाळी पिंपळडोहावर गेलेला माणूस परत आला. वानरांनी यंत्राची तार तोडली होती. कधी तोडली, ते सांगता येईना. पिंपळडोहाची कुरकुर कोणत्या दिवशी थांबली, ते ज्या ओळींवरून कळलं असतं, त्या ओळी शर्वाणीनं पुसून टाकल्या होत्या.

तिनं आपला नियम काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली. शर्वाणीच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत नवी तार होती आणि नवं घड्याळही. वाचून झालं की ती पिंपळडोहाकडे निघणार होती. यंत्र दुरुस्त होईपर्यंत कुणीही पात्रात उतरायचं नाही, असं अक्कांनी सगळ्या वाड्यांना बजावलं होतं.

ऐकायला आश्रमातली माणसं होतीच. कमळामामीही आली होती. पोराला मांडीवर घेऊन दारातच बसली होती.

शर्वाणी उभी राहिली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

नियम नव्हता. कुणी काही लपवलं नव्हतं. खालच्या यंत्रांची काही तक्रार नव्हती. वरचं यंत्र बंद होतं.

एकही ओळ नव्हती.

“अक्का... इथे काहीच नाही.”

अक्का वाल सोलत होत्या.

“वाच.”

“काय वाचू? रिकामं आहे.”

कुणी भाजी चिरत नव्हतं. कुणी केर काढत नव्हतं. दारात पोर कुरकुरलं, कमळामामीनं त्याला थोपटलं.

शर्वाणीनं पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. 

“पिंपळडोह...” ती म्हणाली.  “पिंपळडोह... काल रात्रभर... काही म्हणाला नाही.”

अक्कांनी मान वर केली.

“मोठ्यानं.”