नंदनवनची भिंत आणि साहेबांचा चहा

हॉटेल नंदनवनला बढती हवी होती. पंधरा वर्षं नुसती बिअर विकून मालक दाजीसाहेब खोचरे कंटाळले होते. आता परवाना बदलून घ्यायचा आणि व्हिस्की, रम, सगळं बोरखिंडीतच मिळेल अशी सोय करायची, असं त्यांनी ठरवलं. केवढी ही गावाची काळजी! दवाखान्याला डॉक्टर नाही, एसटी दिवसाआड, पण रमवाचून कुणाची गैरसोय होता कामा नये.

अडचण एकच होती. परवाना बदलताना अंतर नव्यानं मोजायचं होतं, आणि शाळेचं दार हॉटेलपासून पंचाहत्तर मीटरच्या आत असून चालणार नव्हतं. इथं तर नंदनवनचं स्वयंपाकघर आणि शाळेचं दार समोरासमोर, मधे एक बोळ. दुसरा कुणी असता तर त्यानं हॉटेल हलवलं असतं. दाजीसाहेबांनी शाळेचं दार हलवलं. शाळा समितीचे अध्यक्ष तेच, त्यामुळे परवानगी मागायला फार लांब जावं लागलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत दार विटांनी बुजवलं आणि मागच्या अंगाला नवं काढलं. मग सरकारी टेप हायवेनं वळसा घालून गेली आणि अंतर भरलं तीनशे दहा मीटर.

त्याच तीनशे दहा मीटरांवरून आता पोरं चालत होती, ट्रकांच्या कडेकडेनं. मागच्या आठवड्यात चौथीतल्या एका पोरीच्या दप्तरावरून दुधाचा टँकर गेला. पोरगी वीतभर अंतरानं वाचली. ते अंतर मात्र कुणी मोजलं नाही.

गावच्या बायांनी हरकत घेतली. सुनावणीला खुद्द कलेक्टरसाहेब आले आणि शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. साहेब खाणारे नव्हते, हे आधीच सांगते. पण हट्टी असे, की कागदावर ऊन लिहिलं असलं तर भर पावसात छत्री उघडायचे नाहीत. त्यांनी बायांचं ऐकलं, दाजीसाहेबांचं ऐकलं, नकाशावर बोट फिरवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात शाळेत खिचडी रांधणारी केराबाई झोरे पदराला हात पुसत पुढं आली. अंतर खोटं आहे म्हणाली.

साहेबांनी तिला समजावलं की जबाब संपले, टेप पुन्हा लागणार नाही आणि ते स्वतः खुर्चीवरून उठणार नाहीत. "एवढं सगळं सांभाळून अंतर कमी दाखवता येत असेल, तर दाखवा बाई."

साहेबांनी जणू जेवताना मीठच मागितलं होतं, इतक्या सहज केराबाईनं मान हलवली. "दाखवते की. पण तुमचा घसा सुकलाय, साहेब. पाव्हण्याला कोरडं धाडायची रीत न्हाई आमच्यात. दाजीसाहेब, तुमच्याकडनंच चहा सांगा. माझ्या चुलीवरच्याला धुराचा वास येतो."

बाई शरण आली असं दाजीसाहेबांना वाटलं. त्यांनी लगेच फोन लावून आचाऱ्याला दम भरला, साहेबांना स्पेशल, सोबत कांदाभजी, आणि गार झाली तर याद राख.

तोवर करमणूक म्हणून साहेबांनी विचारलं, शिक्षण किती? खिचडी ढवळताना वर्गाच्या खिडकीतून आलं तेवढं, असं केराबाई म्हणाली, एकोणतीसचा पाढा येतो. म्हणा, म्हणाले साहेब. त्यांना स्वतःला येत नसावा.

केराबाईनं सुरुवात केली. बुजवलेल्या दारावर त्या दिवशी मोठा फ्लेक्स ताणला होता. त्यावर साहेबांचं स्वागत मुंगीएवढ्या अक्षरांत आणि दाजीसाहेबांचा फोटो दाराएवढा. केराबाई "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर"पर्यंत आली आणि फ्लेक्स हलला. फोटोतल्या दाजीसाहेबांच्या पोटाखालून आधी भज्यांचं ताट आलं, मग किटली, आणि मग सवयीनं डोकं सांभाळत नंदनवनचा म्हातारा आचारी म्हादबा.

त्याची ती रोजचीच वाट. शाळेच्या बोअरचं पाणी हॉटेलात जावं आणि गुरुजींचा फुकट चहा शाळेत यावा, म्हणून भिंतीत भगदाड ठेवलेलं होतं. गुरुजी इतके दिवस गप्प का होते, तेही आता कळलं असेल. साहेब येणार म्हणून भगदाड झाकलं, पण म्हादबाला सांगायचं राहून गेलं.

ताटातली भजी अजून चुरचुरत होती.

"साहेब," केराबाई म्हणाली, "मी टेप लावली न्हाई, जबाब दिला न्हाई, तुम्ही खुर्चीवरनं उठला न्हाई. आता भज्याला हात लावून बघा. हायवेनं वळसा घालून आलंय असं वाटतंय का?"

दाजीसाहेब घाईघाईनं म्हणाले की ही काही माणसांची वाट नव्हे, ही नुसती चहापुरती आहे.

"मग म्हादबा कोण?" केराबाईनं विचारलं. "आणि चहाला सापडलेली वाट बाटलीला सापडणार न्हाई, एवढी सज्जन असती व्हय बाटली?"

साहेब इतके हसले की भजं घशात अडकलं. गुरुजीही हसले, मग हातातला कप आठवून गंभीर झाले. ठसका थांबल्यावर साहेबांनी अर्ज फेटाळला आणि लिहिलं की भिंत बांधणाऱ्यानंच आज पोरं घरी जायच्या आत ती पाडावी. मग त्यांनी केराबाईला विचारलं, तुम्हाला काय हवं ते मागा.

केराबाईनं भिंतीकडे एकवार नीट पाहिलं.

"विटा द्या. खिचडीच्या खोलीत ओटा न्हाई. उकिडवं बसून बसून गुडघे गेले माझे."

साहेब पुन्हा खदखदून हसले आणि त्यांनी हुकुमाखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: भिंतीच्या सर्व विटा श्रीमती केराबाई झोरे यांना, श्री. खोचरे यांनी स्वतः घासूनपुसून द्याव्यात.