घरमालकिणीच्या टेबलाची गिटार

"चाचा, तुम्हीच सांगा, जी गिटार या अख्ख्या देशात मिळत नाही, तिच्यासाठी थांबण्यात माझं काय चुकलं?"

शमुवेल रणपिसे दुकानाच्या दारातच उभा होता. ओला कोटही त्याने काढला नव्हता.

बाबालालचाचा खाली मान घालून तार आवळत राहिले.

"काही चुकलं नाही. आत ये, दार लाव. थंडी येते."

चाचा मिरजेच्या सतारी घडवणाऱ्या घरातले. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी बोटीवर काम करत लिव्हरपूलला आले, तिथेच राहिले आणि गोऱ्यांची वाद्यं दुरुस्त करू लागले. शमुवेलही मिरजेचाच. तिथल्या चर्चमध्ये त्याची गिटार ऐकायला लोक दाराबाहेर उभे राहायचे. हे तो स्वतःच सांगायचा.

लढाई संपून दहा वर्षं झाली होती. डॉलर वाचावेत म्हणून सरकारने अमेरिकेतून वाद्यं आणणं बंद केलं होतं. विजेवर वाजणारी अमेरिकन गिटार शमुवेलने फक्त चित्रात पाहिली होती. मासिकातून कापलेलं ते चित्र तो पाकिटात ठेवायचा.

"शनिवारी बँडवाले माझं वाजवणं ऐकणार आहेत. जागा एकच आहे. बँडमास्तर तुमचा शब्द मोडणार नाही. त्याला म्हणा, महिनाभर थांब. बोटीवरचा एक खानसामा न्यूयॉर्कहून गिटार आणतो म्हणालाय."

"मागच्या वर्षीही म्हणाला होता."

"तेव्हा त्याची बोट दुसरीकडे गेली."

"बँडमास्तर काय म्हणतो?"

"म्हणतो, कुठलीही गिटार घेऊन ये." शमुवेल हसला. "कुठलीही!"

चाचांनी हातातलं वाद्य त्याच्यापुढे धरलं. जाड फळीची गिटार होती. तारांखाली टेलिफोनमधलं लोहचुंबक बसवलेलं, मागून एक वायर लोंबत होती.

"हे काय, चाचा? हे तर जेवणाचं टेबल!"

"होय. माझ्या घरमालकिणीचं. बिचारी आता मांडीवर ताट घेऊन जेवते. रेडिओला जोडली की वाजते."

त्यांनी तार छेडली. ती खरखरली.

"तारा टेकतात ती घोडी खाली बसलीय. तिच्याखाली कागदाची घडी सारायला हवी. आहे का तुझ्याकडे?"

शमुवेलचा हात पाकिटाकडे गेला... आणि तिथेच थांबला.

"हा नाही देणार."

"बरं. मग हात दे."

चाचांनी त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबून पाहिली. सतारीसाठी भोपळा निवडताना दाबून पाहतात, तशी.

"मऊ झालीत."

"इथे आल्यापासून वाजवलंच नाही. दोन वर्षं झाली. भलत्या वाद्यावर हात बिघडतो, चाचा."

"आमच्या अब्बांकडे कुणी सतार घ्यायला आलं, की अब्बा आधी त्याची बोटं बघायचे. खुंटीवरची सतार काढायची की नुसता चहा पाजून पाठवायचं, ते त्यावर ठरायचं."

शमुवेलने हात मागे घेतला.

"म्हणजे मला चहा पाजणार तुम्ही?"

चाचांनी खरंच किटली ठेवली.

दोघांनी चहा प्यायला. बाहेर एक बोट भोंगा वाजवून गेली. शमुवेलने तिकडे पाहिलं नाही. तो आपल्या बोटांकडे पाहत होता...

"शनिवारला चारच दिवस राहिलेत," तो हळूच म्हणाला.

"हो."

"हे टेबल... घेऊन जाऊ?"

"ने. कोटाखाली धर, पाऊस आहे."

तो दारापर्यंत गेला, तेव्हा चाचा मागून म्हणाले,

"गिटार सरकारने अडवली, पोरा. बोटं कुणी अडवली होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा दुकान उघडायला आले, तेव्हा शमुवेल पायरीवर बसून वाजवत होता. त्याच्या बोटांची टोकं लाल झाली होती, तार खरखरत नव्हती, आणि मासिकातलं ते चित्र चार घड्या होऊन घोडीखाली बसलं होतं.